एनडीएच्या तयारीचं वर्ष : लेकीला अकॅडमीत पाठवू का?

*पत्राचा सारांश : पत्र लिहिणारे गृहस्थ जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत, तालुक्याच्या गावी राहतात. मुलगी यंदा बारावी सायन्स ७८ टक्क्यांनी पास झाली. येत्या डिसेंबरात तिला अठरा पूर्ण होतील. तिला एनडीएत, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, जायचं आहे आणि त्यासाठी दुसऱ्या शहरातल्या निवासी अकॅडमीत एक वर्ष राहून तयारी करायची आहे. राहणं-खाणं धरून फी २ लाख १० हजार. एकरकमी भरली तर सूट आणि वर ‘निवडीची खात्री’. नातेवाइकांचं म्हणणं, पोरीचं वर्ष वाया घालवू नका. वडील स्वतः तरुणपणी सैन्य भरतीला गेले होते, छातीच्या मापात राहिले. गेला महिनाभर ते मुलीला पहाटे साडेचारला उठवून पाच किलोमीटर पळवत आहेत, मोबाइल काढून घेतला आहे, वेळापत्रक भिंतीवर लावलं आहे. वर्षात तीन-चार प्रयत्न मिळतील, एखाद्यात काम होईल, असा त्यांचा हिशेब आहे. त्यांचे प्रश्न दोन : पाठवावं का? आणि पाठवायचं तर आणखी काय तयारी करून घ्यावी?*

गुरुजी,

तुमच्या पत्रात लेकीचं स्वतःचं वाक्य एकच आहे : “पप्पा, मला करायचंच आहे.” बाकी सगळीकडे ‘मी उठवतो’, ‘मी ठरवलं’, ‘आम्ही चौकशी केली’. तळमळ दिसते, त्याबद्दल शंका नाही. पण माझं बरंचसं उत्तर त्या एका वाक्याभोवती फिरणार आहे, हे आधीच सांगून ठेवते.

त्याआधी तातडीचं. फॉर्म भरला का? तुम्ही लिहिता की ते अकॅडमीवाले बघतात. त्यांच्या भरवशावर राहू नका. सप्टेंबरच्या परीक्षेचे अर्ज साधारण मेच्या उत्तरार्धापासून जूनच्या पूर्वार्धापर्यंत यूपीएससीच्या संकेतस्थळावर चालू असतात. मुलींना परीक्षा शुल्कही नाही. आज संध्याकाळी लेकीला बसवा आणि तिचा फॉर्म तिलाच भरू द्या. तुम्ही शेजारी बसा, माउस तिच्या हातात असू द्या.

घाई एवढ्यासाठी की तुमचा तीन-चार प्रयत्नांचा हिशेब चुकला आहे. एनडीएची परीक्षा वर्षातून दोनदा होते, एप्रिलमध्ये आणि सप्टेंबरमध्ये. किती वेळा बसावं याला मर्यादा नाही, पण वयाला आहे. कोर्स सुरू होताना उमेदवार साडेसोळा ते साडेएकोणीस या वयात बसला पाहिजे. एप्रिलच्या परीक्षेचा कोर्स पुढच्या जानेवारीत सुरू होतो, सप्टेंबरच्या परीक्षेचा पुढच्या जुलैत. आता लेकीची जन्मतारीख घ्या. या सप्टेंबरची परीक्षा तिला देता येते. पुढच्या एप्रिलचीही येते. पण पुढच्या सप्टेंबरच्या परीक्षेचा कोर्स ज्या जुलैत सुरू होईल, त्याच्या थोडंच आधी, जूनमध्ये, तिला साडेएकोणीस पूर्ण झालेले असतील. थोडक्यात हुकतं, पण हुकतंच. प्रत्येक जाहिरातीत जन्मतारखेची ‘या तारखेच्या आधी नाही, या तारखेनंतर नाही’ अशी मुदत छापलेली असते, ती स्वतः वाचा. दहावीच्या प्रमाणपत्रावरची तारीखच धरली जाते.

म्हणजे प्रयत्न दोन. त्यातला पहिला अकॅडमीत पाऊल टाकल्यावर अडीच-तीन महिन्यांत. हे कळल्यावर अकॅडमीला विचारायचा पहिला प्रश्न आपोआप सुचतो : तुमचा अभ्यासक्रम मार्चमध्ये संपतो ते ठीक, पण जूनमध्ये आलेल्या मुलीची सप्टेंबरसाठी काय तयारी करून घेता? उत्तर ‘सप्टेंबर तर अनुभवासाठी द्यायची हो’ असं आलं, तर ते तुमच्या लेकीच्या दोनांतला एक प्रयत्न अनुभवापायी खर्चायला निघाले आहेत, हे ओळखा.

आता पहाटेचं पळणं. गुरुजी, तुमच्या मनात भरती आहे. सोळाशे मीटर धावणं, छातीचं माप, फुगवून किती, न फुगवता किती. जवानांच्या भरतीत ते असतं आणि तुम्ही तिथे एका मापावरून परत आलात, हे दुःख साधं नाही. पण एनडीए ही अधिकाऱ्यांची निवड आहे आणि तिची चाळणी वेगळी आहे. निवडीच्या कुठल्याही टप्प्यावर स्टॉपवॉच लावून सोळाशे मीटर पळवत नाहीत. आधी लेखी परीक्षा, ९०० गुणांची : गणित ३००, सामान्य क्षमता ६००. ती पार पडली की एसएसबीची, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाची, पाच दिवसांची मुलाखत, तीही ९०० गुणांची. मग वैद्यकीय तपासणी. एनडीएत दाखल होताना २.४ किलोमीटर पंधरा मिनिटांत पळता यावं, दोरीवर चढता यावं, अशी अपेक्षा जाहिरातीत लिहिलेली असते. बारावी झालेल्या तब्येतीच्या मुलीला चार महिन्यांच्या बेताच्या सरावात ते जमतं.

साडेचारला उठून पाच किलोमीटर पळणाऱ्या आणि मग दुपारी पुस्तकावर पेंगणाऱ्या मुलीचे तुम्ही गुण घालवता आहात. गणिताच्या पेपरात १२० प्रश्न, वेळ १५० मिनिटं. एका प्रश्नाला सव्वा मिनिट, कॅल्क्युलेटर नाही, आणि उत्तर चुकलं की त्या प्रश्नाच्या गुणांच्या एक तृतीयांश गुण कापले जातात. झोप झालेलं डोकं इथे जास्त उपयोगी. शिवाय एकदम एवढं पळवलं तर नडगीचं हाड दुखायला लागतं आणि नडगी धरून अकॅडमीत गेलेली मुलगी पहिला महिना पीटीच्या रांगेबाहेर बसते. आठवड्यातून चार दिवस, आळीपाळीने पळणं आणि चालणं, दोन दिवस जोर-बैठका आणि लोंबकळणं, एक दिवस पूर्ण विश्रांती. चांगले बूट घ्या, शाळेच्या कॅनव्हासवर पळवू नका.

एसएसबीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. आणि बहुतेक पालकांना ही मुलाखत म्हणजे टेबलापलीकडे तीन साहेब आणि अलीकडे पोरगी, असंच वाटत असतं.

पहिल्या दिवशी चाळणी होते. बुद्धिमत्तेचे प्रश्न, आणि एक चित्र दाखवून त्यावर गोष्ट लिहायची, मग गटात चर्चा. बरेच जण त्याच दिवशी घरी येतात. उरलेल्यांना तीन वेगवेगळे अधिकारी तीन बाजूंनी पाहतात. मानसतज्ज्ञ तिने लिहिलेलं वाचतो, मुलाखत घेणारा तिच्याशी बोलतो आणि जीटीओ, म्हणजे गटचाचणी घेणारा अधिकारी, तिला मैदानावर गटात काम करताना बघतो. मनसा, वाचा, कर्मणा असं ते स्वतःच म्हणतात. शेवटच्या दिवशी तिघांचं जुळतंय का, हे बघून निर्णय होतो.

मानसशास्त्राच्या चाचण्यांची गती बघा. साठ शब्द, एकेक शब्द पंधरा सेकंद, तेवढ्यात वाचून वाक्य लिहायचं. मग साठ प्रसंग, वेळ तीस मिनिटं : प्रवासात पाकीट मारलं गेलं, काय कराल? दोन मित्र भांडले, काय कराल? अर्ध्या मिनिटात एक. शेवटी स्वतःबद्दल लिहायचं असतं. आईवडिलांचं तुमच्याबद्दल काय मत आहे, शिक्षकांचं काय, मित्रमैत्रिणींचं काय, तुमचं स्वतःचं काय. या वेगात पाठ केलेलं आठवायला उसंत नसते. ज्या मुलीने खरोखर कधी तरी एकटीने एसटी चुकल्यावर पुढचा मार्ग काढला आहे, ती लिहिते ‘चौकशी केली, वडापने गेले, उशीर होईल म्हणून घरी फोन केला’. जिने काढलेला नाही, ती लिहिते ‘धैर्याने परिस्थितीचा सामना केला’. वाचणाऱ्याला फरक कळतो, त्याचं ते रोजचं काम आहे.

मुलाखतीत तर थेटच विचारतात. घरात निर्णय कोण घेतं? तुला हातखर्चाला किती मिळतात, त्याचं काय करतेस? आईला कशात मदत करतेस? अकॅडमीत जायचं कुणी ठरवलं?

गुरुजी, आज तुमच्या लेकीला हे प्रश्न विचारले तर खरं उत्तर काय येईल? उठवतात पप्पा, वेळापत्रक लावतात पप्पा, मोबाइल ठेवतात पप्पा. तिच्यात गुण नाहीत असं नाही, ते दिसायला तिच्या वाट्याला काही उरलेलंच नाही. म्हणून ‘आणखी काय तयारी करून घेऊ’ याला माझं उत्तर असं की करून घेणं कमी करा. जाण्याआधी जे तीन-चार आठवडे आहेत, त्यात घरातले काही निर्णय तिच्याकडे द्या, आणि ते चुकले तरी परत घेऊ नका.

म्हणजे नेमकं काय, ते सांगते. भिंतीवरचं वेळापत्रक काढा, तिचं तिला करू द्या. गजर तिचा ती लावेल. एखाद्या दिवशी उठली नाही तर हाक मारू नका, त्या दिवसाचं काय करायचं ते ती बघेल. मोबाइल परत द्या. अकॅडमीत तो बहुधा जमा करून घेतील, पण स्वतः ठेवून देता येणं ही वेगळी गोष्ट आहे आणि तीच पुढे लागते. बँकेत तिचं खातं नसेल तर तिला एकटीला पाठवून काढायला लावा. एका आठवड्याचा घरातला बाजार तिच्याकडे द्या, पैसे मोजून द्या, हिशेब तिचा. जिल्ह्याच्या गावी एकदा एकटीने जाऊन डोमिसाइल, फोटो, झेरॉक्स, जे काही असेल ते काम करून येऊ द्या. तुमच्या शाळेत सुट्टीत वाचनवर्ग असेल तर चौथीच्या पोरांना रोज तासभर शिकवायला लावा. वीस पोरं ताब्यात ठेवणं हे कुठल्याही अकॅडमीतल्या गटचर्चेच्या वर्गापेक्षा चांगलं प्रशिक्षण आहे, हे तुम्हाला मी काय सांगावं.

भाषेची भीती तुम्ही पत्रात एका ओळीत उरकली आहे, ती खरी आहे. प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते, इंग्रजीचे स्वतंत्र २०० गुण आहेत आणि एसएसबीत बोलणं बरंचसं इंग्रजीत चालतं. व्याकरणाची जाडजूड पुस्तकं आता घेऊ नका. रोज इंग्रजी वर्तमानपत्रातली एक बातमी मोठ्याने वाचायची, मग पान झाकून तीच बातमी तीन मिनिटं आपल्या शब्दांत सांगायची. ऐकायला आई बसली तरी चालेल, तिला इंग्रजी येत नसलं तर उत्तमच. अडखळायची लाज जाते. आणि बारावीची गणिताची पुस्तकं रद्दीत घालू नका. अकरावीचीही शोधून काढा. त्रिकोणमिती, मॅट्रिक्स, संभाव्यता, कलन, सगळं तिथलंच आहे, फक्त वेग नवा आहे.

फी भरण्याच्या आधी एक काम करा, जे बहुतेक लोक सगळ्यात शेवटी करतात. डॉक्टरकडे न्या. डोळ्यांच्या डॉक्टरकडे नंबर आणि रंग ओळखण्याची चाचणी, कानाच्या डॉक्टरकडे कान, हाडांच्या डॉक्टरकडे पावलांची कमान, गुडघे आणि कोपरांचा कोन. दातही दाखवा. काही गोष्टी दुरुस्त होतात, काही होत नाहीत. रंग ओळखण्यातला दोष निघाला तर ते फी भरण्याआधी कळलेलं बरं. लेखी आणि एसएसबी पार करून वैद्यकीयला अडलेली मुलं असतात आणि त्यांच्या आईबापांना सगळ्यात जास्त हळहळ याचीच वाटते की हे आधी बघता आलं असतं. हिमोग्लोबिनही तपासा. कमी असेल तर पळून दम लागतो, अभ्यासात लक्ष लागत नाही, आणि आपण पोरीला आळशी म्हणत राहतो. अंगावर गोंदवायचा विचार डोक्यात असेल तर तो आत्ताच काढून टाकायला सांगा.

आता अकॅडमी. ‘निवडीची खात्री’ हे शब्द त्यांनी छापील पत्रकात वापरले असतील तर ते पत्रक जपून ठेवा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या जाहिरातींबाबत ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत अशी हमी देणं दिशाभूल करणारं ठरवलं आहे. निवड झालेल्या विद्यार्थ्याचा फोटो त्याच्या लेखी संमतीशिवाय वापरायलाही मनाई आहे, आणि त्याने नेमका कुठला कोर्स केला होता तेही सांगावं लागतं. फ्लेक्सवरच्या हसऱ्या चेहऱ्यांमधल्या कितींनी तिथे वर्ष काढलं आणि कितींनी एसएसबीच्या आधी दहा दिवसांचा वर्ग केला, हे विचारा. एनडीएच्या अलीकडच्या जाहिरातींत एकूण जागा चारशेच्या आसपास आणि त्यातल्या मुलींसाठी तीसच्याही आत असतात, अख्ख्या देशातून. इतक्या जागांची खात्री कुठली अकॅडमी कशी देणार? खात्री देणारा माणूस एक तर हे जाणत नाही, किंवा तुम्ही जाणत नाही असं धरून चालला आहे.

एकरकमी सूट नाकारा. हप्ते पाडून मागा, महिन्याचा नाही तर तिमाहीचा. मुलगी मध्येच परत आली तर किती पैसे परत मिळतील, ते पावतीवर लिहून घ्या. शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या सूचनांप्रमाणे मध्येच सोडणाऱ्या विद्यार्थ्याला उरलेल्या काळाची फी, वसतिगृह आणि मेसच्या पैशांसह, दहा दिवसांत परत करायला हवी. व्यवहारात ते मिळवायला भांडावं लागतं, म्हणून लिहून घेतलेलं बरं. वाद झाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

आणि जाऊन बघा. प्रवेशाच्या ‘ओपन डे’ला नको, साध्या मंगळवारी, न कळवता, जेवणाच्या वेळी. मेसमध्ये पैसे देऊन जेवा. लेकीला तिथल्या मुलींशी तुमच्याशिवाय, ऑफिसातल्या माणसाशिवाय अर्धा तास बोलू द्या. मुलींच्या इमारतीत रात्री बाई वॉर्डन राहते का, नुसती येऊन जाते का; किल्ली कुणाकडे असते; रात्री दोनला पोट दुखायला लागलं तर डॉक्टर कुठला; पाळीच्या दिवसांत पीटीला सूट मागायची तर कुणाकडे, का ओरडा बसतो; एखाद्या शिक्षकाबद्दल तक्रार असेल तर ती कुणाकडे करायची. हे प्रश्न विचारायला लाजू नका. शेवटचे दोन प्रश्न तिच्या आईने विचारले तर जास्त बरं. आईचा तुमच्या पत्रात उल्लेखच नाही, त्यांचं काय म्हणणं आहे ते मला कळायला हवं होतं. शिक्षा म्हणून काय देतात, तेही विचारा. रगडा म्हणजे शिस्त असं मानणाऱ्या जागा आहेत. निवृत्त सुभेदार ठेवला म्हणून लष्करी वातावरण होत नाही आणि कोवळ्या पोरींना उन्हात ओणवं करून अधिकारी घडत नाहीत, हे माझं ठाम मत.

नातेवाइकांच्या ‘वाया’कडे येते. यावर तुम्ही पानभर लिहिलं आहे, मी थोडक्यात लिहिते. वर्ष वाया जातं ते एकाच दारासमोर बसून राहिल्याने. बी.एस्सी. किंवा बी.ए.ला प्रवेश घेऊनच तिला पाठवा. गावातल्या कॉलेजात हजेरीची अडचण असेल तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा पर्याय आहे. पदवी हातात असली की सीडीएस ही यूपीएससीचीच अधिकारी निवडीची परीक्षा देता येते, त्यातून मुलींना चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीत जाता येतं. हवाई दलासाठी एएफकॅट ही वेगळी परीक्षा आहे. कॉलेजात एनसीसीचं ‘सी’ सर्टिफिकेट मिळवलं तर लेखी परीक्षेशिवाय थेट एसएसबीची वेगळी वाट आहे. एनडीएचं नाही जमलं तरी हे सगळं वीस-बाविसाव्या वर्षी तिच्यासमोर उघडं असेल, आणि आत्ता केलेलं गणित, इंग्रजी, एसएसबीची ओळख तिथे जशीच्या तशी कामाला येईल. मात्र ही चर्चा तिच्याशी आत्ता करा, एप्रिलचा निकाल लागल्यावर नको. ‘दोन प्रयत्न, मग पदवी’ असं तिच्या तोंडून ठरू द्या. ‘घरच्यांनी एवढे पैसे घातले, आता तोंड कसं दाखवू’ या ओझ्याखाली परीक्षेला बसणारी मुलं चुकतात. तुमची मोडणारी एफडी तिच्या लग्नाची होती, हे तुम्ही पत्रात दोनदा लिहिलं आहे. तिला ते कितीदा ऐकवलं आहे, कोण जाणे.

‘मुलीला कशाला फौजेत’ म्हणणाऱ्यांना मात्र पानभर उत्तर द्यायची गरज नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मुलींना एनडीएची परीक्षा खुली झाली, २०२२ च्या ऑगस्टमध्ये पहिली तुकडी खडकवासल्याला दाखल झाली आणि ३० मे २०२५ ला त्यातल्या १७ जणी उत्तीर्ण होऊन संचलनात बाहेर पडल्या. काकांना एवढं सांगा आणि चहा द्या.

पाठवावं का, याचं सरळ उत्तर अजून दिलेलं नाही. माझ्या मते, डॉक्टरी तपासणी नीट आली, अकॅडमी बघून लेकीला स्वतःला पटली, हप्ते मिळाले आणि पदवीचा प्रवेश झाला, तर पाठवा. चारांतलं एक जरी अडलं तरी घरी राहून सप्टेंबरची परीक्षा द्यायची आणि तिचा निकाल बघून पुढचं ठरवायचं, हाही चांगला मार्ग आहे. शिस्तीने अभ्यास करणाऱ्या मुलीला लेखी परीक्षा घरून निघते. जुने पेपर यूपीएससीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. रविवारी एक जुना पेपर, घड्याळ लावून. चार पेपर झाले की गाडी कुठे अडते ते तुम्हा दोघांनाही दिसेल, आणि मग अकॅडमी हवी का नुसती गणिताची शिकवणी पुरते, हेही कळेल. हे पेपर अकॅडमीला पैसे देण्याआधीच सोडवून बघा, असं मी कुणालाही सांगेन.

या सदराच्या इतर वाचकांसाठी मध्येच एक सांगते. ज्यांची मुलं आत्ता आठवी-नववीत आहेत त्यांनी बारावीपर्यंत थांबू नये. राज्य शासनाची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून आहे, दहावीनंतर मुलांना प्रवेश परीक्षेतून घेते आणि अकरावी-बारावीसोबत एनडीएची तयारी करून घेते. मुलींसाठी तशीच शासकीय संस्था नाशिकला सुरू झाली आहे. गुरुजी, तुमच्या शाळेतून हायस्कूलला गेलेल्या पोरींपर्यंत हे तुम्हीच पोचवू शकता.

पाठवलंत तर पहिले तीन आठवडे तुमची परीक्षा. फोन येईल, बहुधा रविवारी, दहा मिनिटं, मागे रांग उभी असेल. ती रडेल. मेसची भाजी, रूममेटचं घोरणं, इंग्रजीत बोलणाऱ्या शहरातल्या मुली, पहिल्या चाचणीत पडलेले कमी गुण. ‘मी येतो घ्यायला’ पण म्हणू नका आणि ‘एवढ्यानं रडतेस, फौजेत काय करशील’ पण म्हणू नका. ऐकून घ्या आणि विचारा, ‘मग तू काय करायचं ठरवलंस?’ महिना-दीड महिन्यात बहुतेक मुली रुळतात. नाही रुळली, खाणं तुटलं, झोप उडाली, बोलणंच कमी झालं, तर जाऊन भेटा. परत यायचं म्हणाली तर आणा. त्यासाठीच हप्ते पाडून घेतले आहेत. आणि मारहाण, लगट, धमकी असलं काही तिने नुसतं सूचित केलं तरी त्याच दिवशी निघा, तिथे रुळण्याची वाट बघायची नसते.

सामानाची यादी अकॅडमी देईलच. तीत नसलेलं थोडं सांगते : सुईदोरा, गजराचं साधं घड्याळ, स्टीलची बाटली, बुटांची दुसरी जोडी, पॅडचा तीन महिन्यांचा साठा, कुलूप दोन किल्ल्यांचं आणि एक कोरी वही. त्या वहीत तिने रोज रात्री चार ओळी लिहाव्यात, आज कुठे अडलं आणि काय केलं. तुम्ही ती वाचायला मागू नका.

लेखीचा निकाल चांगला आला तर एसएसबीचं बोलावणं येईल, भोपाळ, प्रयागराज, बेंगळुरू, कुठलंही. तुम्हाला सोबत जावंसं वाटेल. जाऊ नका; स्टेशनपर्यंत सोडा, पुढे ती जाईल. पहिल्यांदाच जाणाऱ्या उमेदवाराला रेल्वेचं भाडं परत मिळतं, तेव्हा तिकीट जपून ठेवायला सांगा. आणि मूळ प्रमाणपत्रांच्या प्रत्येकी तीन झेरॉक्स तिच्याच बॅगेत हव्यात, तिने स्वतः लावलेल्या.